‘या आता’ म्हणेपर्यंत

साहेब, तुम्ही चोरी केलीत. पैशांची केली असती तर कुणीतरी तुम्हाला धरलं तरी असतं. तुम्ही एका पोरीचा चांगुलपणा चोरलात, त्याला धार लावलीत आणि आजारी माणसांच्या घराघरांत धाडलात. काचेच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, दाराबाहेर लाल दिवा लावून बसता तुम्ही. त्या पोरीने तुमच्या हातात काय आणून दिलंय हे तुम्हाला पहिल्या झटक्यात कळलं होतं. तिला ते कळायला नोकरीतली सगळी वर्षं जावी लागली. आणि तिच्या घरच्यांना कळलं ते एका रविवारी दुपारी, केलेला चहा गार होईपर्यंतच्या वेळात.

त्या रविवारी ती, म्हणजे घरातली थोरली बहीण, भावाकडे येणार होती आणि घर सकाळपासून पायांवर उभं होतं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्ची, खुर्चीत पेंटर, पेंटरच्या नाकात नळी आणि पायाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणत, आणि लग्न होऊन आली त्याच दिवशी त्याची बायको पेंटरीण झाली. आता पेंटरची फुफ्फुसं दगड होत चालली होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, दुसऱ्याची फुफ्फुसं मिळाली तरच. पण विमा कंपनीचा होकार आल्याशिवाय इस्पितळ त्याचं नाव यादीत घालायला तयार नव्हतं. सगळं घोडं त्या होकारावर अडलं होतं.

आणि ती कंपनी म्हणजे थोरलीचीच. येत्या आठवड्यात ती तिथली मुख्य होणार होती. तिच्या वर फक्त अध्यक्ष.

“अहो, ठेवा तो ब्रश,” पेंटरीण म्हणाली. “छातीत तो वास काय कमी भरलाय?”

“दोनच अक्षरं राहिलीत,” पेंटर म्हणाला. त्याच्या मांडीवर फळी होती आणि फळीवर थोरलीच्या नव्या खोलीसाठीची पाटी. गडद निळ्यावर सोनेरी अक्षरं. नाव झालं होतं, हुद्दा अर्धा झाला होता. एक वळण ओढायचं, मग मान मागे टाकून दम घ्यायचा, मग दुसरं. “कंपनीची पहिली पाटी कुणी रंगवली? मी. आजही दारावर तीच आहे. मग ताईच्या खोलीवर काय छापील लावायची?”

“लावतील सोन्याची.”

“सोन्याची असेल, पण हात कुणाचा?”

पेंटरीण हसली. कैक दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं. ताई स्वतः येतेय, म्हणजे काम झालं, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण सोफ्यावर बसलेल्या पेंटरच्या आईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, पेंटरच्या पोरीने पडदे धुतले होते, आणि मधल्या भावाने हातभर मोठा पुष्पगुच्छ आणला होता. मधला कुठेही फुकट फुलं नेत नाही. त्याचा मुलगा कंपनीच्या लांबच्या शाखेत कुजत होता आणि त्याला इकडे आणायचं होतं.

“काय पेंटरीणबाई,” मधला गुच्छ टेकवायला जागा शोधत म्हणाला, “चेहरा फुललाय आज. ताईने फोनवर काही सांगितलं की काय?”

“काही नाही. म्हणाल्या, रविवारी येते, सगळे असा.”

“मग तर झालंच. सगळे असा म्हणजे पेढे वाटा.”

“तुमच्या तोंडात साखर पडो, भाऊजी,” पेंटरीण म्हणाली आणि गुच्छ पाण्याच्या बादलीत ठेवून आली.

वाट बघताना माणसं जे करतात तेच ती करत बसली. थोरलीची गोष्ट पुन्हा सांगायला लागली. या घरात ती इतक्यांदा सांगितली गेली होती की भिंतींनासुद्धा पाठ असेल.

“तेव्हा नुसती फोन उचलायला होती ती,” आईंनी सुरुवात केली. “एका बेकरीवाल्याला नकार कळवायचा होता. त्याची बायको दवाखान्यातच गेलेली, बिल अंगावर. तो म्हणत होता, कोर्टात खेचीन. हिने फोन उचलला आणि हिची जीभच रेटेना. ठेवला. परत उचलला, परत ठेवला. शेवटी पर्स घेतली आणि बसने त्याच्या घरी गेली. म्हणाली, नाही म्हणायचंच आहे तर तोंडावर म्हणते.”

“पिठाच्या पोत्यावर बसली,” पेंटर म्हणाला.

“तू रंगव. मी सांगतेय. तर पिठाच्या पोत्यावर बसली. पाणी मागितलं. तो बापडा सारखा हिच्या हातातल्या घड्याळाकडे बघायचा आणि म्हणायचा, तुम्हाला उशीर होत असेल. तर हिने घड्याळ काढलं आणि पर्समध्ये टाकलं. आणि तो ‘या आता’ म्हणेपर्यंत उठली नाही. संध्याकाळ झाली पण उठली नाही.”

“आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी, आज अध्यक्ष आहेत त्यांनीच, धुतली,” मधला म्हणाला.

“धुतली, पण बेकरीवाला कोर्टात गेला नाही. मग साहेबच म्हणाले, अजून एका घरी जाऊन ये.”

पेंटरीणला हे सगळं माहीत होतं आणि तरी ती दरवेळी डोळे मोठे करून ऐकायची. ती स्वतः कधी कुणाला सरळ नाही म्हणू शकली नव्हती. दारावरच्या विक्रेत्यालासुद्धा ‘उद्या या’ म्हणायची. आणि ही बाई आयुष्यभर नाही म्हणायलाच जात होती आणि लोक तिला दारापर्यंत पोचवायला येत होते. एका घरात म्हणे तिला परत जाताना छत्री दिली होती. आधी ती एकटी जायची, मग तिच्या हाताखाली माणसं आली, मग मजला आला, मग अख्खा विभाग.

“नुसतं नाही म्हणून माणूस एवढा वर जातो म्हणजे कमाल आहे,” मधला म्हणाला.

“हो म्हणणारे सगळे खालीच राहिले,” पेंटर म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर त्याला एवढा ठसका लागला की पेंटरीणला मशीनचं बटण वाढवावं लागलं.

पोरगी, म्हणजे पेंटरची मुलगी, अलीकडेच आत्याच्या कंपनीत लागली होती. ती दारातून म्हणाली, “आम्हाला ट्रेनिंगमध्ये आत्याचंच उदाहरण देतात. शिकवणारे सर म्हणाले, तुमच्या या मॅडम ज्या घरी जाऊन आल्या त्या घरातून पुढे कधी अपील आलं नाही. एकसुद्धा नाही.”

“बघा,” आई म्हणाल्या. त्यांचा ऊर भरून आला होता.

पेंटरीणच्या अंगावरही काटा आला. त्या क्षणी तो अभिमानाचा होता.

जिन्यात पावलं वाजली. थोरली आली ती चालत. मोटार कोपऱ्यावरच सोडली होती. एरवी तिची मोटार इमारतीखाली यायची आणि खालची सगळी पोरं तिच्याभोवती जमायची. पेंटरीणच्या मनात हे आलं आणि गेलं.

“ये गं,” आई म्हणाल्या. “बस. इथे माझ्याजवळ बस.”

थोरलीने आईंच्या पायांना हात लावला, पेंटरच्या केसांतून हात फिरवला, मधल्याच्या फुलांचं कौतुक केलं. पोरगी गार बाटली घेऊन पुढे झाली तर ती म्हणाली, “बाटली नको, बाळा. घरातलं साधं पाणी दे.”

सोफा सोडून तिने रंगांचे डाग पडलेलं पेंटरचं बुटकं स्टूल ओढलं आणि त्याच्या गुडघ्यापाशी बसली. इस्त्रीच्या रेशमी साडीनिशी.

“ताई, अहो त्याला रंग लागलेला असेल,” पेंटरीण म्हणाली.

“असू दे गं.” ती पाणी प्यायली, सगळं, आणि भांडं खाली ठेवलं. मग पाटीकडे पाहिलं. “हे सोनेरी कसं रे आणतोस तू? नुसता पिवळा असला की बटबटीत दिसतं.”

“त्यात थोडा तपकिरी मिसळावा लागतो,” पेंटर खूष होऊन म्हणाला. “उन्हात उजळतो.”

“किती वर्षं विचारायचं होतं मला हे,” थोरली म्हणाली, आणि बोलता बोलता तिने डाव्या हातातलं घड्याळ काढलं आणि पर्समध्ये ठेवलं.

पेंटरीणच्या हातात चहाचा ट्रे होता. दारात पोरगी होती. दोघींची नजर एकमेकींना भिडली. मोटार कोपऱ्यावर. घरातलं पाणी. सगळ्यात खालची बैठक. आधी घरातल्या वस्तूची चौकशी. मग घड्याळ. अरे देवा, आपण पडदे धुतले. फुलं आणली. होकार द्यायला ही बाई आजवर कुणाच्या घरी गेली होती? होकार तर फोनवर येतो. घरी फक्त नाही येतं. आणि हे सगळ्या जगात ज्यांना सगळ्यात नीट माहीत होतं, तीच माणसं नटूनथटून तिची वाट बघत बसली होती.

ट्रे तिने कसाबसा टेबलावर ठेवला.

“नाही, बाळा,” थोरली पेंटरला म्हणाली. “कंपनी देणार नाही.”

आधी नाही, कारण नंतर. तिची रीतच होती ती. आवाज चढला नाही, पडला नाही. तिने नजर वळवली नाही. माफ कर वगैरे म्हणाली नाही, कारण माफी मागितली की समोरच्याला माफ करण्याचं काम लागतं, असं तीच कधीतरी सांगायची. “तुझा आजार रंगाच्या वाफेने झाला. जो आजार धंद्यातून होतो तो तुझ्या विम्यात बसत नाही. खालच्या लोकांनी निर्णय घेतला, मी फक्त पाहिला. नियमाप्रमाणे बरोबर आहे. मी एक शब्द टाकला असता तर तो तुझ्यासाठी टाकला असता, दुसऱ्या कुणाच्या भावासाठी नाही. म्हणून टाकला नाही. हे तुला पत्राने कळू नये म्हणून आले.”

आणि पेंटरीण, जिच्या नवऱ्याचा जीव त्या वाक्यांतून चालला होता, ती थक्क होऊन ऐकत राहिली. असं बोलता येतं माणसाला? बोट न कापता सुरी फिरावी तसं. खोलीत कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. मशीन तेवढं घरघरत होतं. एखादा मोठा गवई समोर बसून गातो तेव्हा आपण आपलं दुःख विसरून त्याचा गळा बघत राहतो, तसं तिचं झालं होतं. तिला स्वतःचाच राग आला आणि तरी तिची नजर हलेना.

पेंटर बराच वेळ पाटीकडे बघत होता. मग म्हणाला, “बरं.” आणि थोड्या वेळाने, “तुला उन्हात चालत यावं लागलं.”

“ती तरी काय करणार?” आई डोळे पुसत म्हणाल्या.

मधल्याने घसा साफ केला. पेढ्यांची गोष्ट करणारा तोच माणूस आता म्हणाला, “नियम म्हणजे नियम. ताई नव्या खुर्चीवर बसतेय, लोक टपलेलेच असतात. आपणच तिला अडचणीत आणायचं का? आपण काहीतरी जमवू. बघू.”

भांडंभर पाण्यात घर तिच्या बाजूला गेलं होतं. पेंटरीणला दिसत होतं की थोरलीला हे खोटं नाही, मनापासून लागलंय. आणि पेंटरीणचंही तोंड उघडलं. “असू द्या, ताई,” ती म्हणाली, “तुम्ही तरी...”

तिथेच ती थांबली.

आपण हिची समजूत घालतोय. माझा नवरा मरायला टेकलाय आणि समजूत मी हिची घालतेय.

“ताई,” ती म्हणाली, “त्या बेकरीवाल्यानेही तुमची समजूत घातली होती ना?”

थोरलीने वर पाहिलं. “हो. म्हणाला, पोरी, तू रडू नकोस, तुझी काय चूक.”

“मग तो कोर्टात का गेला नाही?”

“त्याला पटलं होतं.”

“पटलं नव्हतं. लाज वाटली त्याला. ज्या पोरीला आपल्या हाताने पाणी दिलं, तिलाच कोर्टात कसं खेचायचं? मला आत्ता तेच होतंय. तुम्ही उठून गेलात की मला जन्मात अपील करता येणार नाही. केलं तर मला वाटेल मी तुमच्यावरच हात उचलला.”

“अगं, काय बोलतेस?” मधला म्हणाला.

“भाऊजी, तुम्ही तुमची फुलं बघा.”

थोरली हलली नाही. “मी कुणालाही अपील करू नका म्हटलेलं नाही. कधीच नाही. मी फक्त जायची, कारण फोनवर माणसाला असं सांगणं मला जमायचं नाही.”

“तुम्हाला नव्हतं म्हणायचं. ज्यांनी तुम्हाला परत परत पाठवलं त्यांना तेच हवं होतं.”

पोरगी दारातून पुढे आली. “आत्या, आता सगळ्यांना शिकवतात हे. पाणी मागा, खाली बसा, घरातली एखादी वस्तू विचारा, घड्याळ काढा. मी म्हणाले ना मघाशी, एकसुद्धा अपील आलं नाही. त्याच्या पुढचं मी सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, कंपनीचे सगळ्यात जास्त पैसे वाचवले ते या बाईंनी.”

“उद्घाटनाला मी होते त्या वर्गाच्या,” थोरली म्हणाली. “अध्यक्ष म्हणाले, तुमची माणुसकी सगळ्यांना शिकवायची आहे.” “परवा त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, घरचा नकार आहे, जमेल का? जमलं तर मी निश्चिंत मनाने खुर्ची सोपवतो. मी म्हटलं, मी आजपर्यंत कुणाला दुसऱ्याकडून कळवलंय का?”

म्हणजे ती परीक्षा होती, आणि पेपर होता पेंटर.

आई गोंधळून सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांना एवढंच कळलं की लेकीचा चेहरा उतरलाय. त्या उठायला लागल्या. “बरं, झालं ते झालं. दमलीस तू. ये आता...”

“आई.” पेंटरीणने सासूचं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा तोडलं. “ते तुम्ही म्हणायचं नाही. नकार तुम्हाला दिलेला नाही. ज्याला दिला त्याने म्हणायचं असतं. तुम्हीच तर सांगता ना गोष्ट?”

सगळ्यांच्या माना पेंटरकडे वळल्या. आपला नवरा कसा आहे हे पेंटरीणला ठाऊक होतं. पाटी रंगवून झाल्यावर गिऱ्हाईक ‘नंतर या’ म्हणालं तर हा त्यालाच ‘सावकाश’ म्हणून यायचा. तो आता म्हणणार, ये ताई, सांभाळून जा. त्याच्या ओठांवर ते आलेलं दिसत होतं.

पेंटरने ब्रश उचलला. सोनेरी रंगात बुडवला, काठावर निथळू दिला. बहिणीकडे पाहिलं. ज्या स्टुलावर तो आयुष्यभर बसला होता त्या स्टुलावर ती बसली होती.

“माझी दोन अक्षरं राहिलीत अजून,” तो म्हणाला. “मी ‘ये’ म्हणत नाही. तू बस.”

आणि ती बसून राहिली.

हेच पेंटरीण पुढे कधी विसरली नाही. ती उठू शकली असती. हसून म्हणू शकली असती, काय पोरखेळ चाललाय. कोपऱ्यावर मोटार होती, पुढच्या आठवड्यात खुर्ची होती. पण जो नियम तिने बेकरीवाल्यापुढे पाळला तोच ती पाळत होती, कारण तिच्यापाशी स्वतःचं असं तेवढंच उरलं होतं. चहावर साय धरली. ऊन खिडकीतून सरकून पाटीवर आलं आणि सोनेरी खरंच उजळलं. मधला एकदा दारापर्यंत जाऊन परत आला आणि पंख्याखाली मुकाट बसला.

पर्समध्ये फोन वाजला. थोरलीने तो काढला, नाव पाहिलं आणि आवाज मोठा करून गुडघ्यावर ठेवला.

“हं, बोला,” पलीकडून गुळगुळीत आवाज आला. “झालं का? कसं घेतलं त्यांनी?”

“नाही, साहेब,” थोरली म्हणाली.

तोच आवाज. चढलेला नाही, पडलेला नाही. आधी नाही. फक्त आता तो पहिल्यांदा वरच्या दिशेने चालला होता, आणि त्याला वर चढताना बघून पेंटरीणच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे झालेलं नाही. माझ्या भावाने मला अजून ‘ये’ म्हटलेलं नाही, त्यामुळे मी उठलेली नाही. उद्या उजाडलं तरी उठणार नाही. त्याचं अपील येईल. त्यावर बायकोची सही असेल आणि लिहायला मी मदत करेन. ज्या ज्या घरी मी पाणी प्याले त्या सगळ्या घरी मी परत जाणार आहे, अपील करा म्हणून सांगायला.”

“तुम्ही थकलाय. उद्या बोलू.”

“उद्या नको. याला हा आजार ज्या रंगाने झाला, त्याच रंगाने त्याने तुमच्या दारावरची पाटी रंगवलीय. त्या पाटीखालून तुम्ही रोज आत जाता. त्याचं नाव यादीत लागणार की नाही, हे तुम्ही इथे येऊन त्याच्या तोंडावर सांगा. मोटार कोपऱ्यावर सोडा, तिसरा मजला आहे. बसायला स्टूल आहे, पाणी आम्ही देऊ.”

पेंटरने ब्रश थांबवला होता.

“साहेब, कधी येताय?”